जॉन म्यूरचे नदीकाठचे मुक्काम

(द्वितीय वर्ष कला)

हल्ली सुट्ट्या लागल्या की शहरातील मंडळी जंगलात किंवा पाण्याच्या काठी तंबू ठोकून एक-दोन रात्री काढायला जातात. पवनेच्या काठी, भंडारदऱ्याला असे तंबू रांगेने उभे असलेले दिसतात. रात्री शेकोटी, वर चांदणे, पहाटे पाण्यावरचे धुके; आणि या साऱ्याचे पैसे मोजावे लागतात. आमच्या घरात या गोष्टीचे मोठे नवल वाटते. आम्ही माणदेशातले मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरे घेऊन घाट उतरायचा, कोकणात हिंडायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी माघारी यायचे, हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. पुरुषमाणसे कळपाबरोबर जातात आणि बाया घोड्यांवर बिऱ्हाड लादून पुढच्या तळावर पोहोचतात. तीन दगडांची चूल मांडायची ती बहुधा ओढ्याच्या किंवा नदीच्या जवळच, कारण पाणी लागते. ज्याच्या शेतात कळप बसवायचा तो शेतकरी लेंडीखताच्या बदल्यात धान्य देतो. अशा घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच.

जॉन म्यूर हे नाव मी आमच्या इंग्रजीच्या सरांच्या तोंडून प्रथम ऐकले. उघड्यावर, नदीच्या काठी, झाडांखाली रात्र काढणे हा आनंदाचा आणि मानाचा विषय आहे, हे ज्यांनी अमेरिकेला आणि अमेरिकेमार्फत बऱ्याच जगाला पटवले त्यांतला हा अग्रणी. तोही ऐन तारुण्यात एक उन्हाळा दोन हजार मेंढ्यांच्या मागे चालला होता, असे सरांनी सांगितले मात्र, मी ग्रंथालयातून त्याचे पुस्तक काढले आणि शब्दकोश शेजारी ठेवून महिनाभर वाचत बसले. या माणसाचे मला फार कौतुक वाटते आणि त्याच्याशी माझे थोडे भांडणही आहे. दोन्ही गोष्टी सांगाव्यात म्हणून हा लेख.

जॉनचा जन्म २१ एप्रिल १८३८ रोजी स्कॉटलंडमधील डनबार या समुद्रकाठच्या गावी झाला. आठ भावंडांत तो तिसरा. वडील डॅनियल म्यूर अतिशय कडक आणि धर्मवेडे. बायबलचा नवा करार संपूर्ण आणि जुना करार बराचसा या पोराला मुखोद्गत होता, पण तो छडीच्या धाकाने. १८४९ साली, जॉन अकरा वर्षांचा असताना, हे कुटुंब अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात आले आणि जंगल तोडून नवी शेती करू लागले. मोठा मुलगा म्हणून नांगर जॉनच्या हाती आला. उन्हाळ्यात दिवसाचे सोळा-सतरा तास काम. पुढे दुसऱ्या शेतावर विहीर खणायची वेळ आली, तेव्हा वालुकाश्मातून नव्वद फूट खोल विहीर या मुलाने एकट्याने छिन्नी-हातोड्याने खणली. रोज सकाळी त्याला बादलीत बसवून खाली सोडत आणि संध्याकाळी वर ओढून घेत. एक दिवस तळाशी विषारी वायू साठला होता. मुलगा बेशुद्ध पडता पडता कसाबसा बादलीत शिरला म्हणून वाचला. थोड्याच दिवसांत त्याला पुन्हा त्याच विहिरीत उतरवण्यात आले.

अशा घरात वाचनाला वेळ कुठला? रात्री जागायला वडिलांची बंदी होती, मात्र पहाटे हवे तितके लवकर उठण्याची मुभा त्यांनी एकदा तोंडातून काढली. जॉन रात्री एकच्या सुमाराला उठू लागला. कडाक्याच्या थंडीत तळघरात बसून तो वाची आणि लाकडाची घड्याळे, यंत्रे कोरी. ठरल्या वेळी निजलेल्या माणसाला पायांवर उभे करणारा पलंगही त्याने बनवला. १८६० साली ही यंत्रे घेऊन तो मॅडिसन येथील प्रदर्शनाला गेला, तिथे त्यांचे कौतुक झाले आणि त्या धिटाईवर तो विद्यापीठात दाखल झाला. सुट्टीत शेतावर मजुरी करायची, एक हिवाळा खेड्यातल्या शाळेत मास्तरकी करायची आणि त्या पैशांवर शिकायचे, असा त्याचा खाक्या होता. विद्यापीठाच्या आवारातल्या एका झाडाखाली एका सहाध्यायाने त्याला फूल उलगडून दाखवले आणि एवढा मोठा वृक्ष वाटाण्याच्या वेलाच्या कुळातला कसा, ते समजावले. आपल्याकडे पळस आणि पावटा एका कुळातले आहेत, तसेच हे. त्या दिवसापासून त्याला वनस्पतींचे वेड लागले. १८६३ साली पदवी न घेताच त्याने विद्यापीठ सोडले. पुढे १८९७ मध्ये त्याच विद्यापीठाने त्याला सन्मान्य पदवी दिली, ही गोष्ट परीक्षेच्या दिवसांत आठवली की बरे वाटते!

त्यानंतर तो कारखान्यांत रमला. यंत्रांत त्याची बुद्धी अशी चाले की तो एक यशस्वी कारखानदार झाला असता. पण मार्च १८६७ मध्ये इंडियानापोलिस येथे गाडीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम करताना हातातली कानस निसटली आणि तिचे टोक उजव्या डोळ्यात घुसले. त्या डोळ्याची दृष्टी गेली आणि पाठोपाठ दुसराही डोळा मावळला. कित्येक आठवडे तो अंधाऱ्या खोलीत पडून होता. दृष्टी परत आली, तेव्हा उरलेले आयुष्य यंत्रांपुढे घालवायचे नाही असे त्याने ठरवले. त्याच वर्षी सप्टेंबरात तो केंटकीहून दक्षिणेकडे चालत निघाला आणि सुमारे हजार मैल तुडवून फ्लॉरिडाच्या किनाऱ्याला पोहोचला. तिथे त्याला हिवतापाने गाठले. त्यातून उठून, क्यूबा पाहून, मार्च १८६८ च्या अखेरीस तो कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोला उतरला आणि लगेच सिएरा नेवाडाच्या डोंगरांची वाट धरली.

डोंगर पाहायचे तर पोटासाठी काही करायला हवे. त्याने मेंढपाळाचे काम धरले. १८६९ च्या उन्हाळ्यात पॅट डिलेनी नावाच्या मालकाने आपला दोन हजार पन्नास मेंढ्यांचा कळप वरच्या कुरणांवर न्यायला काढला आणि म्यूरला सोबत घेतले. मेंढ्या राखायला बिली नावाचा पगारी मेंढपाळ होताच. म्यूरने त्याच्यावर लक्ष ठेवायचे आणि उरलेल्या वेळात हवी ती झाडे-फुले धुंडाळायची, असा करार होता. ३ जून रोजी कळप निघाला. पहिल्या काही दिवसांपुरते एक मूळनिवासी आणि एक चिनी असे दोघे हाकारायला बरोबर होते. खालची कुरणे उन्हाने करपली की वर वर सरकायचे, बर्फ वितळेल तसे चढायचे. आमच्या वाटेचा चढ-उतार उलटा आहे, पण कारण तेच, चारा आणि पाणी.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच मर्सेड नदीच्या उत्तर फाट्यावर त्यांचा तळ पडला आणि तिथे ते चारेक आठवडे राहिले. चहूबाजूंनी उंच पाइन वृक्ष, काठाने पुरुषभर उंचीचे नेचे, मध्ये खळाळते स्वच्छ पाणी, आणि मैलोगणती वस्ती नाही. फांद्या-पाल्याच्या अंथरुणावर झोपायचे. नदीच्या पात्रात मधोमध एक प्रचंड चौकोनी दगड होता, वर शेवाळ, खाली धबधब्याचे फेसाळ पाणी. म्यूरला तो एखाद्या देवळातल्या वेदीसारखा वाटला आणि तो त्यावर जाऊन बसू लागला. दिवसभर तो वहीत टिपणे करी, चित्रे काढी. मुंगीपासून वादळी ढगापर्यंत कोणतीही गोष्ट त्याला क्षुल्लक वाटली नाही. रात्री शेकोटीच्या उजेडात झाडांचे बुंधे कसे दिसतात हे त्याने किती बारकाईने पाहिले आहे! ते वाचताना मी थक्क झाले. असे बुंधे मी लहानपणापासून पाहत आले आहे, पण ते वर्णन करण्याजोगे असतात हे मला त्याने शिकवले. याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

जुलैच्या सुरुवातीला पीठ संपले. मालक वेळेवर शिधा घेऊन आला नाही आणि काही दिवस नुसते मटण आणि चहा यांवर काढावे लागले. भाकरीवाचून माणूस किती हतबल होतो, यावर त्याने गमतीने पण कळवळून लिहिले आहे. आमची आजी निघताना पीठ मापून का घेते आणि मेंढरू सहसा का कापू देत नाही, हे त्याला सांगायला कोणी म्हातारी माणसे त्या तळावर नव्हती. पुढे वरच्या एका तळावर रात्री अस्वल कळपात शिरले. काही मेंढ्या अस्वलाने मारल्या, काही घाबरून एकमेकींखाली गुदमरल्या. आमच्याकडे अस्वलाऐवजी लांडगा एवढाच काय तो फरक.

आता या बिलीकडे पाहू. तो मेंढ्यांच्या कुंपणाशेजारी, एका ओंडक्याच्या आडोशाला, धुळीतच अंग टाकी. कमरेला बांधलेल्या फडक्यातून मटणाचा रस गळून त्याची विजार इतकी तेलकट झाली होती की पाने, किडे, केस काय वाटेल ते तिला चिकटून राही. म्यूरने या विजारीची मोठी थट्टा केली आहे. त्याने बिलीला योसेमिटीची दरी पाहून येण्याचा आग्रह केला, तोवर आपण मेंढ्या सांभाळतो असेही सांगितले. पण बिली गेला नाही. दरीत दगडांशिवाय काय आहे, असा त्याचा एकूण सूर होता. म्यूरला या अरसिकतेचे आश्चर्य वाटले. मात्र मेंढपाळांना वर्षानुवर्षे माणूस दिसत नाही, त्या एकांताने त्यांची मने कोमेजतात, हेही त्याने नोंदवले आहे. मला वाटते, बिली जागा होता म्हणून म्यूर त्या दगडावर निवांत बसू शकला. कळपातली एक जरी मेंढी गेली तरी जाब बिलीला होता. ज्याच्या कानाला रात्रभर मेंढ्यांची चाहूल घ्यायची असते, त्याला पाण्याचे संगीत ऐकू येत नाही असे नव्हे, पण ते ऐकत बसायला त्याला सवड नसते.

त्या उन्हाळ्यानंतर म्यूर योसेमिटीच्या दरीतच राहिला. एका खाणावळवाल्याच्या लाकूड-गिरणीवर काम करून त्याने धबधब्याजवळ झोपडी बांधली आणि झोपताना पाण्याचा आवाज ऐकू यावा म्हणून ओढ्याचा एक पाट चक्क झोपडीतून नेला. ही दरी जमीन खचून झाली असे तेव्हाचे एक मोठे भूशास्त्रज्ञ म्हणत. या बिनपदवीच्या गिरणीकामगाराने डोंगर पालथे घालून दाखवले की ती हिमनद्यांनी कोरली. १८७१ मध्ये प्रख्यात विचारवंत इमर्सन तिथे आले, तेव्हा त्यांनी प्रचंड सिकोया वृक्षांखाली आपल्यासोबत एक रात्र काढावी म्हणून म्यूरने फार विनवले. पण इमर्सन सत्तरीकडे झुकलेले. बरोबरच्या मंडळींना थंडीची धास्ती वाटली आणि ते त्यांना घरातल्या बिछान्याकडे घेऊन गेले. म्यूर एकटाच शेकोटीपाशी राहिला.

१८८० साली त्याचे लग्न झाले, दोन मुली झाल्या, सासऱ्यांच्या फळबागा त्याने उत्तम सांभाळल्या. पण डोंगर सुटले नाहीत. १८८९ च्या जूनमध्ये संपादक रॉबर्ट अंडरवुड जॉन्सन यांना घेऊन तो टुऑलमी नदीच्या काठच्या कुरणांवर तळ देऊन राहिला. वीस वर्षांपूर्वी फुलांनी भरलेली ती कुरणे मेंढ्यांनी खरवडून टाकली होती. शेकोटीपाशी दोघांचा बेत ठरला. म्यूरने लेख लिहायचे आणि जॉन्सनने ते छापून राजधानीत खटपट करायची. १ ऑक्टोबर १८९० रोजी योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला. १८९२ साली सिएरा क्लब ही संस्था निघाली आणि अखेरपर्यंत म्यूर तिचा अध्यक्ष होता. मे १९०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना त्याने तीन रात्री उघड्यावर झोपवले. पहिली रात्र सिकोयांच्या राईत, दुसरी उंच कड्याजवळ, जिथे पहाटेपर्यंत अंगावर बर्फ साचले, आणि तिसरी दरीत, मर्सेडच्या काठच्या कुरणावर. इमर्सनने हुकवलेली रात्र राष्ट्राध्यक्षांनी काढली. राज्याच्या ताब्यात असलेली मूळ दरीही १९०६ मध्ये राष्ट्रीय उद्यानात आली. रूझवेल्टसोबतच्या मुक्कामानंतर म्यूर जगप्रवासाला निघाला आणि हिमालयातले देवदार पाहायला आपल्या देशातही येऊन गेला.

इथे माझे भांडण सुरू होते. उद्यान झाल्यावर १८९१ पासून घोडदळाचे शिपाई पहाऱ्याला आले. मेंढ्या आत आणल्याबद्दल शिक्षा देण्याची तरतूद कायद्यात नव्हती, म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. मेंढपाळाला धरून उद्यानाच्या एका टोकाबाहेर सोडायचे आणि त्याचा कळप विरुद्ध टोकाबाहेर हाकलायचा. मधले डोंगर ओलांडून मेंढपाळ कळपापर्यंत पोहोचेतो मेंढ्या उधळलेल्या असत. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. त्या मेंढ्यांनी कुरणांची नासाडी केली, हे खरे आहे. एका उन्हाळ्यात हजारो तोंडे एकाच हिरवळीवर सोडली तर दुसरे काय होणार? पण बहुतेक कळपांचे मालक खाली सपाटीवर राहत असत आणि डोंगरात सापडे तो पगारी बिली. वन राखण्याचा भुर्दंड त्याच्यावर पडला.

मेंढपाळाच्याही आधी तिथून हाकलली गेलेली माणसे होती. योसेमिटी ही आवानीची लोकांची दरी. सोन्याच्या शोधात आलेल्यांसाठी १८५१ मध्ये एका सशस्त्र तुकडीने त्यांना हुसकले, त्यांची घरे आणि धान्याचे साठे जाळले. पाहुण्यांना मोहवणारी दरीतली मोकळी कुरणे याच लोकांनी वर्षानुवर्षे बेताने गवत जाळून राखली होती, असे आज अभ्यासक सांगतात. ही माणसे जंगलात किती हलक्या पावलांनी वावरतात आणि भूमीला किती थोडी इजा करतात, हे म्यूरच्या तीक्ष्ण नजरेने टिपले होते. तरीही त्यांच्या अस्वच्छतेविषयी त्याने तिरस्काराने लिहिले आणि त्याच्या मनातल्या निर्मळ अरण्यात त्यांना जागा उरली नाही. खुद्द सिएरा क्लबने २०२० साली आपल्या या संस्थापकाच्या अशा लेखनाबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला.

म्यूरची शेवटची लढाई मात्र वाचवत नाही. योसेमिटी उद्यानातच हेच हेची नावाची दुसरी सुंदर दरी होती. तिच्यातून तीच टुऑलमी नदी वाहते. सॅन फ्रान्सिस्को शहराला तिथे धरण हवे होते. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत ते शहर बेचिराख झाल्यावर मागणीला जोर चढला. म्यूरने सत्तरी उलटल्यावरही लेख लिहिले, पत्रे धाडली, देशभर माणसे जागी केली. पण १९ डिसेंबर १९१३ रोजी धरणाच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष विल्सन यांची सही झाली. पुढच्याच वर्षी, २४ डिसेंबर १९१४ ला, लॉस एंजेलिसच्या रुग्णालयात न्यूमोनियाने त्याचा अंत झाला. १९२३ मध्ये धरण उभे राहिले आणि तो नदीकाठ पाण्याखाली गेला. आजही ते पाणी शंभरांहून अधिक मैलांवरच्या शहरात नळाने जाते. मेंढ्यांना बाहेर काढायला एक कायदा आणि चार शिपाई पुरले होते. शहरापुढे मात्र म्यूरचेही काही चालले नाही. कोयनेचे पाणी पाहिलेल्यांना हे नवे वाटणार नाही.

मग या माणसाला मोठे म्हणायचे की नाही? मी म्हणते, म्हणायचे. विहिरीच्या तळाशी लोटलेला एक पोर, रात्री एकला उठून स्वतःसाठी दोन-चार तास मिळवतो आणि त्या सवयीच्या बळावर पुढे साऱ्या देशाला थांबून नदीकडे पाहायला लावतो, हे सामान्य काम नव्हे. त्याने वाचवलेली झाडे आजही उभी आहेत. त्याच्या निधनानंतर दोन वर्षांत, १९१६ साली, तिथे राष्ट्रीय उद्यानांचे स्वतंत्र खाते निघाले. आपल्याकडेही अभयारण्ये राखली पाहिजेत, याविषयी माझ्या मनात शंका नाही. ती राखताना तिथे पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम करणाऱ्यांना आधी बोलावून विचारावे, कोणत्या ओढ्याचे पाणी कधी आटते आणि कोणते गवत किती दिवसांनी पुन्हा फुटते हे त्यांना माहीत असते, एवढेच माझे म्हणणे आहे.

म्यूरने १८६९ ची ती वही जपून ठेवली आणि १९११ साली, बेचाळीस वर्षांनी, तिचे पुस्तक केले. म्हणून तो नदीकाठ आज आपल्याला दिसतो. बिलीजवळ वही नव्हती. त्याच रात्री, त्याच पाण्याच्या आवाजात, कुंपणाशेजारी पडल्या पडल्या त्याच्या मनात काय येत होते ते कोणाला कळले नाही. म्यूरच्या पुस्तकात त्याची विजार तेवढी उरली. आमच्या वर्गात माझ्यासारख्या घरांतून आलेली पुष्कळ मुले-मुली आहेत. कोणाचे वडील ऊस तोडतात, कोणाचे मासेमारी करतात, कोणाचे भट्टीवर विटा थापतात. आपल्या घरच्या माणसांनी उघड्यावर काढलेल्या रात्री त्यांना विचारून लिहून काढाव्यात, अशी माझी या सर्वांना विनंती आहे. मी आजीपासून सुरुवात केली आहे. पहिल्या दिवशी ती फक्त पिठाच्या मापाविषयीच बोलली, पण वही आता उघडली आहे.